खुराडं बांधायचं ते मे महिन्यासाठी: सोलापुरात परसात कोंबड्या पाळायच्या तर

इंटरनेटवर कोंबड्यांच्या घराचे फोटो शोधले की छोटे छोटे लाकडी बंगले दिसतात. उतरतं छप्पर, चारी बाजूंनी फळ्या, एवढीशी खिडकी, भिंतीतून बाहेर काढलेली अंड्यांची पेटी. इतकं गोजिरवाणं की लगेच मिस्त्रीला फोटो पाठवावासा वाटतो. पाठवू नका. ती घरं बर्फ पडणाऱ्या मुलखातली आहेत. तिथल्या माणसाला काळजी एकच, रात्री कोंबडी गारठू नये. सोलापुरात थंडीनं मेलेली कोंबडी मी अजून पाहिली नाही. उन्हानं मेलेल्या पाहिल्यात, आणि त्यातल्या तीन माझ्याच होत्या.

पहिलं खुराडं मी तयार विकत घेतलं होतं. सगळं पत्र्याचं, वर हिरवा रंग, एका बाजूला वीतभर जाळी. फेब्रुवारीत आणलं तेव्हा काही कळलं नाही. एप्रिल संपता संपता एका दुपारी कामावरून आलो तर सहापैकी तीन कोंबड्या आडव्या पडलेल्या आणि उरलेल्या तीन चोच उघडी टाकून, पंख अंगापासून फाकवून उभ्या. आतल्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला, चटकाच बसला. खुराडं कसलं, भट्टी विकत घेतली होती मी.

यामागचं गणित सोपं आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. हवा अंगापेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेला की हवाच अंगापेक्षा गरम होते. मग तिच्याकडे एकच उपाय उरतो, धापा टाकायचा. आणि धापांनी अंग गार व्हायचं तर वारा खेळता हवा, प्यायला गार पाणी हवं. बंद पेटीत दोन्ही नसतं. म्हणून खुराड्याचा प्रत्येक निर्णय घेताना डोळ्यांसमोर मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ ठेवा. बाकी ऋतू त्यात निभून जातात.

पुढचं सगळं सहा कोंबड्यांच्या हिशेबानं लिहितोय. घरच्या अंड्यांसाठी नवख्यानं सहाच घ्याव्यात असं माझं मत आहे.

आधी शेजार, मग जागा

सोसायटीत किंवा प्लॉटिंगमध्ये राहत असाल तर तिथले नियम आणि शेजाऱ्यांचा कानोसा आधीच घ्या. भांडण कोंबड्यांवरून कधीच होत नाही, कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि वासावरून होतं. अंडी खायची असतील तर कोंबडा लागतच नाही. हे सांगितलं की निम्मे लोक अविश्वासानं बघतात, पण कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालतेच. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. उलट आपल्या उन्हाळ्यात कोंबडा नसलेलाच बरा. कोंबडा असला की अंडी फळलेली असतात, आणि ३५-४० अंशांत बाहेर राहिलेल्या फळलेल्या अंड्यात दोन-तीन दिवसांत लाल रेषा दिसायला लागतात. एकदा असं अंडं तव्यावर फोडलंत की आठवडाभर घरात कुणी आम्लेटचं नाव काढत नाही.

जागा बघताना खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम जाईल अशी बघा. म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त दोन आखूड बाजूंवर पडतं. लांब बाजू उत्तर-दक्षिण होतात, त्या उघड्या ठेवता येतात. कडुनिंबाची सावली असेल तर सोनंच. नसेल तर पश्चिमेला शेवगा लावा. शेवगा वर्षभरात छपरापेक्षा उंच होतो आणि शेंगाही मिळतात. तोवर त्या बाजूला शेडनेट.

जमीन थोडी उंचावरची हवी. सोलापूर दुष्काळी असलं तरी सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस एका रात्रीत अंगणाचं तळं करतो, आणि काळ्या मातीत पाणी मुरत नाही, साचतं.

माप

रात्री आत आणि दिवसा बाहेर अशी पद्धत असेल तर आत एका कोंबडीला चार चौरस फूट धरा. सहाजणींना सहा फूट लांब, चार फूट रुंद. पुस्तकातली मापं याहून कमी असतात, दोन फुटांतही भागतं म्हणतात. भागतं, पण डिसेंबरात. बाहेर फिरायला जाळी लावलेलं अंगण द्यायचं असेल तर एकीला निदान आठ-दहा चौरस फूट. उंची मात्र माणसाच्या हिशेबानं ठेवा, पुढून सात फूट आणि मागून सहा. कंबरेएवढं खुराडं स्वस्त पडतं, पण झाडताना रांगत आत जावं लागतं. आणि जे रांगत करावं लागतं ते काम दुसऱ्या महिन्यापासून होत नाही.

छप्पर: निम्मे पैसे इथे घाला

मे महिन्याच्या मध्याला भरदुपारी सोलापुरात सूर्य थेट डोक्यावर येतो. अंगणात काठी उभी केली तर सावली तिच्याच बुडाशी. म्हणजे त्या वेळी बाजूचे पडदे, भिंती, झाडं काहीच कामाचं नाही. ऊन येतं ते वरून, आणि अडवायचं ते छपरानं.

नुसता पत्रा टाकायचाच नाही. पत्रा पावसासाठी ठेवा, उन्हासाठी त्यावर दुसरं काहीतरी. मी तीन प्रकार करून पाहिले. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधल्या, गारवा उत्तम मिळाला. पण पावसाळ्यात कडबा कुजला, त्यात उंदरांनी घर केलं आणि उंदरांच्या मागं एक धामण आली. दुसऱ्या वर्षी पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले. कमी खर्चात बराच फरक पडतो, मात्र दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. आता जे केलंय ते असं: पत्र्याला वरून चुना, त्याच्या फूटभर वर सांगाड्यावर ताणलेली शेडनेट, आणि पत्र्याच्या खाली आतून बांबूचा तट्टा. नेट आणि पत्र्यामधून वारा निघून जातो, त्यामुळे पत्रा तापतच नाही म्हटलं तरी चालेल. शेजारच्या अक्कांनी तट्टा बसवताना पाहिलं आणि विचारलं, "काय ओ, कोंबड्यांना सीलिंग करताय?" हो, करतोय. अक्कांच्या घरी आता आमचीच अंडी जातात.

छपराचा उतार दक्षिणेकडे द्या आणि चारी बाजूंनी दोन-अडीच फूट बाहेर काढा. पावसाची झड आत येत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर ऊनही फारसं नाही.

भिंत एकच, बाकी जाळी

पश्चिमेची आखूड बाजू तेवढी विटांची किंवा फळ्यांची करा. बाकी तीन बाजूंना खाली दीड फूट आडोसा आणि त्यावर छपरापर्यंत जाळी. "रात्री थंडी वाजेल ना?" हा प्रश्न येतोच. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, रात्री गारठा पडतो हे खरं. तेव्हा वाऱ्याच्या बाजूला गोणपाट सोडा. जुनी विरलेली सोलापुरी चादर असेल तर त्याहून छान. पिसांचं पांघरूण कोंबडीला जन्मापासून असतं, तिला कोरडं ठेवलं आणि अंगावर थेट झोत येऊ दिला नाही की पुरे.

जाळी घेताना मात्र फसू नका. दुकानात "कोंबडी जाळी" म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मोकाट कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं. बोका तर फाडायचीही तसदी घेत नाही. दांडीवर झोपलेल्या कोंबडीचं डोकं जाळीजवळ आलं की पंजा घालून ओढतो, आणि सकाळी तुम्हाला धड सापडतं. वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा एकमेकींना डागून जोडलेली जाड जाळी, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची. सगळीकडे परवडत नसेल तर खालचे तीन फूट वेल्डमेश आणि वर साधी. दांडीपाशी मात्र वेल्डमेशच.

मुंगूस आणि घूस खालून येतात. त्यासाठी जाळी जमिनीत फूटभर पुरायची, किंवा माझ्यासारखी शहाबादी फरशी टाकायची. आपल्याकडे जुनी घरं पाडली की ही फरशी ढिगानं निघते आणि नव्याच्या निम्म्या भावात मिळते. चार बाय सहाला फरशी टाकली की खालून कुणाची टाप नाही. वर भुसा असल्यानं ती तापतही नाही.

दाराला कडी आणि कडीत खिळा. नुसती ओढून लावायची कडी कुत्र्याच्या धक्क्यानं सुटते.

खाली काय अंथरायचं

तीन-चार इंचांचा थर हवा. भाताचं तूस इथे पिकत नाही, पण पोल्ट्रीला माल पुरवणाऱ्यांकडे पोत्यानं मिळतं. सुतारकामाचा भुसा चालतो, फार बारीक असेल तर नको, धूळ छातीत जाते. आपल्याकडे सहज मिळणारी गोष्ट म्हणजे शेंगांची टरफलं. चटणीसाठी एवढ्या शेंगा फुटतात, टरफलांना तोटा नाही. अंथरूण म्हणून ती उत्तम, ओल चांगली शोषतात. एकच अट, खडखडीत कोरडी हवीत. दमट पोत्यातली, काळी पडलेली, कुबट वासाची टरफलं टाकलीत तर त्यातल्या बुरशीनं कोंबड्यांच्या फुफ्फुसांचा आजार होतो. मूठभर हातात घ्या, चुरगळा, वास घ्या. शंका आली तर परत करा.

आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मी दाणे मुद्दाम भुशात फेकतो, उकरण्याचं काम त्याच करतात. डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला की समजा, कुठेतरी ओल आहे. बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखालीच सापडते. ओला भाग काढून टाका, थोडा चुना भुरभुरा, नवा भुसा टाका.

दांडी

कोंबडी झोपते ती उंचावर. जमिनीवर झोपवलीत तर स्वतःच्याच शिटेत बसून रात्र काढते. दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी हवी. बांबूही चालतो. लोखंडी पाइप मात्र नको, उन्हाळ्यात तापतो आणि पाय घसरतात. माझ्या दांड्या भंगारात मिळालेल्या जुन्या हातमागाच्या लाकडाच्या आहेत. इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं त्या अशा गुळगुळीत झाल्यात की रंधा मारावाच लागला नाही.

एकीला आठ ते दहा इंच जागा. थंडीत त्या चिकटून बसतात, उन्हाळ्यात एकमेकींपासून लांब सरकतात, म्हणून जास्तीची लांबी ठेवा. गावरान कोंबडी तीन-साडेतीन फुटांवर सहज उडते. गिरिराजा, वनराजा असल्या वजनदार जातींना दीड-दोन फूट पुरे, उंचावरून उडी मारून त्यांच्या तळपायाला गाठी येतात. भिंतीपासून दांडी फूटभर लांब ठेवा, नाहीतर शेपट्या घासतात.

दिवसभराच्या शिटेतला बराच वाटा रात्री दांडीखालीच पडतो. तिथे एक फळी टाकून वर चुलीची राख पसरा आणि सकाळी खरवडून बादलीत घ्या. दोन मिनिटांचं काम. हे खत ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने पालापाचोळ्यात कुजवून मग घाला.

अंड्यांचा खण

आता मुख्य गोष्ट. नवखी माणसं छप्पर स्वस्तात उरकतात आणि अंड्यांच्या पेटीवर मात्र रंगरंगोटी करतात. कोंबडीला पेटी सुंदर नको असते. तिला काय हवं हे कळायला एकदा तिच्याकडे नीट बघावं लागतं.

आमची पहिली तलंग, म्हणजे अजून अंडं न घातलेली तरुण कोंबडी, अंड्यावर आली तेव्हा मी सुट्टी असल्यानं सकाळभर बघत बसलो होतो. साडेआठपासून ती अस्वस्थ. मान लांब करून कोपऱ्याकोपऱ्यात डोकावायची, घशातून एक लांबलेला, तक्रारीचा सूर काढायची. खणात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग आत गोल फिरली, पायांनी भुस्कट मागे सारलं, छाती टेकवून दाबून दाबून खळगा केला, आणि चोचीनं एकेक काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकत राहिली. पाठीवर! झाकून घेण्याची ती खटपट होती. पाऊण तास गप्प बसून होती. मग थोडी उठली, पाय वाकलेले, आणि अंडं पडलं. ओलं, चकाकणारं, आणि बघता बघता वरचा ओलावा वाळून गेला. ते वाळलेलं पातळ आवरण जंतूंना अडवतं, म्हणून अंडी धुवून ठेवू नयेत. माखलेलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि आधी तेच खा.

तिला हवं ते एवढंच: अंधार, आडोसा, बुडाखाली खळगा करता येईल असं मऊ काही, आणि वरून कुणी बघत नाही ही खात्री.

त्यावरून माप. बारा इंच लांब, बारा इंच रुंद, चौदा इंच उंच. वजनदार जातीला चौदा बाय चौदा. याहून मोठा केलात तर दोघी-तिघी एकदम घुसतात आणि अंडी फुटतात. पुढे पाच इंचांची पट्टी आडवी मारा म्हणजे भुस्कट आणि अंडी बाहेर येत नाहीत. चार-पाच कोंबड्यांना एक खण पुरतो, सहाजणींना दोन करा. दोन केल्यावर काय होईल तेही सांगतो: सहाही जणी एकाच खणासमोर रांग लावतील, आतलीला शिव्या देतील, आणि दुसरा खण रिकामा राहील. सगळीकडे असंच होतं. तरीही दुसरा ठेवा, घाई झालेलीला उपयोगी पडतो.

उंची जमिनीपासून दीड ते दोन फूट, वजनदार जातींची दांडीच खाली असल्यानं त्यांचा खण त्याहून खाली. आणि ही एक गोष्ट अजिबात चुकवू नका: खण दांडीपेक्षा खाली हवा. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा निवडते. खण वर असला की ती खणात झोपेल, रात्रभर तिथेच शिटेल आणि सकाळी अंडी माखलेली निघतील. लोक याला कोंबडीची घाणेरडी सवय म्हणतात. चूक मिस्त्रीची असते. खणाचं वरचं झाकणही चांगलं तिरपं करा, नाहीतर त्यावर बसतात.

खण कुठे लावायचा? फोटोतल्यासारखा भिंतीबाहेर काढून नको. बाहेर काढलेल्या पेटीच्या डोक्यावर मोठं छप्पर नसतं, ती एकटीच उन्हात तापते, आणि कोंबडी सरळ तिला सोडून तुळशीमागं अंडं घालते. खण आतच, पूर्वेच्या आखूड बाजूला, पाठ पूर्वेकडे करून लावा. पाठीची फळी सकाळचं ऊन अडवते, तोंड आतल्या सावलीकडे राहतं. बहुतेक अंडी सकाळीच पडतात, त्यामुळे तेव्हा तिथे अंधार हवा. पाठीच्या फळीला बिजागरी लावलीत तर बाहेरूनच हात घालून अंडी काढता येतात. आमच्या घरी हे काम करायला मुलांची भांडणं लागतात.

कशाचा करायचा यावर माझी मतं ठाम आहेत. तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून करतात, मी करू नका म्हणेन. नऊ-साडेनऊ इंचांचं तोंड लहान पडतं, कापलेली कड पायाला लागते आणि पत्रा तो पत्राच. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं. सगळ्यात सोपा आणि आपल्या हवेला मानवणारा म्हणजे डाळिंबाचं प्लॅस्टिक क्रेट. मार्केट यार्डाच्या आसपास जुनी क्रेट सहज मिळतात. आडवं करून ठेवायचं, तोंड आत, पुढे पट्टी तारेनं बांधायची. जाळीदार असल्यानं हवा खेळते, धुता येतं, गोचीड लपायला लाकडाच्या फटी नसतात. उजेड फार येतो म्हणून वरून आणि दोन्ही बाजूंनी गोणपाट शिवून घ्या, तोंडावरही निम्म्यापर्यंत एक पट्टा सोडा. दुसरा चांगला प्रकार म्हणजे तोंड फुटलेला मोठा माठ. कडा घासून आडवा ठेवायचा, दोन्ही बाजूंना विटा लावून पक्का करायचा. माती गार राहते, आत गुहेसारखा अंधार. आमच्या कोंबड्यांनी दोन्ही समोर असताना माठ निवडला. तो जमिनीलगत राहतो म्हणून रात्री दार पक्कं हवं, एवढंच.

आत भुस्कट किंवा वाळलेलं मऊ गवत, चार इंच. कडब्याची धांडं नकोत, टोचतात. थर पातळ झाला की अंडं फळीवर आपटून तडकतं. तडकलेलं अंडं एकीनं चाखलं की अंडी खाण्याची चटक लागते, आणि एकीची बघून सगळ्यांना लागते. ती सोडवणं महाकठीण. त्यापेक्षा भुस्कट टाकत राहा, अंडी दिवसातून दोनदा उचला, मे महिन्यात तीनदा, आणि एका भांड्यात शिंपल्यांचा चुरा कायम ठेवा. उन्हाळ्यात कवच पातळ होतं ते नुसत्या चुन्याच्या कमतरतेनं नाही. सतत धापा टाकल्यानं कवचाला लागणारा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो. त्यावर औषध गारव्याचंच.

तलंगांना खण दाखवणं

गावरान, गिरिराजा, काहीही आणा, साधारण पाच महिन्यांच्या पुढे अंड्यावर येतात, गावरान थोडी उशिरा. तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवला की ती खाली दबून बसायला लागली, म्हणजे आठ-पंधरा दिवसांचा खेळ. खण त्याच्या आधी महिनाभर तयार हवा.

नव्या कोंबड्या आणल्या की पहिले चार-पाच दिवस बाहेर सोडू नका. घर कोणतं हे त्यांना तेवढ्यात पटतं, मग संध्याकाळी हाकलावं लागत नाही. अंड्यावर यायच्या सुमारास खणात एक खोटं अंडं ठेवा. टेबल टेनिसचा चेंडू चालतो, गुळगुळीत पांढरा गोटा त्याहून चांगला, कारण तो टोचून पाहिला तर चोच दुखते. "इथे आधी कुणीतरी घातलंय, म्हणजे जागा सुरक्षित," असं कोंबडीला वाटतं. त्या दिवसांत सकाळी अकरापर्यंत खुराडं बंद ठेवा आणि आतले अंधारे कोपरे विटा लावून अडवा. संध्याकाळी खणाच्या तोंडाला फळी लावा म्हणजे झोपायला शिरणार नाहीत, आणि सकाळी आठवणीनं काढा. मी एकदा विसरलो. त्या दिवशीची चारही अंडी दाण्याच्या घमेल्यात.

खुडूक बसली तर

गावरान कोंबडी वर्षातून दोन-तीनदा तरी खुडूक होते. अंडी बंद, दिवसभर खणात, हात घातला की पिसं फुलवून टोचते. इतर कोंबड्यांचा खण अडतो ही खरी अडचण. पिल्लं नको असतील तर रात्री उचलून, तळाला जाळी असलेल्या उंच क्रेटमध्ये दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. खालून वारा लागला, ऊब तुटली की येते ठिकाणावर. पिल्लं हवी असतील तर फळलेली आठ-दहा अंडी देऊन वेगळ्या शांत जागी डालग्याखाली बसवा, एकवीस दिवस. थंडीत बसवा. मे महिन्यात बसवलेली कोंबडी स्वतःच भाजून निघते.

गोचीड

कोरड्या, उष्ण भागातल्या खुराड्यांचा हा खरा शत्रू, आणि तो दिवसा दिसत नाही. कोंबडी मलूल, तुरा फिका, अंडी कमी, आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नाही. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन दांडीच्या खाचा आणि लाकडाच्या फटी बघा. चपटे, राखाडी-निळसर दाणे हलताना दिसतील. रात्री रक्त पिऊन ते पुन्हा फटीत जातात. म्हणून फटच ठेवायची नाही: सांगाडा लोखंडी अँगलचा, सांध्यांत चुन्याची लांबी, दरवर्षी आतून चुना. दांडीचे पाय गाडीचं जळकं ऑइल घातलेल्या डब्यात उभे करा, चढणाऱ्या गोचिडांची वाट अडते. कडुनिंबाचा पाला खणात घालतात, मीही घालतो. वास छान येतो. गोचीड त्यानं जातात असं मात्र मला दिसलेलं नाही. फार झाले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण विचारा, अंदाजानं शेतातलं कीटकनाशक मारू नका. त्याच फेरीत मानमोडी आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांच्या लसींची चौकशी करा.

अंगणात एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख मिसळून घमेलंभर ठेवा. त्यात लोळून त्या उवा-पिसवांचा बंदोबस्त स्वतःच करतात.

मे महिन्याची तयारी, मार्चमध्येच

सहा कोंबड्यांना एरवी दिवसाला दीड लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट किंवा त्याहून जास्त. आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा साठवणीत त्यांचाही हिशेब धरा. पाणी पसरट मातीच्या भांड्यात, सावलीत, दोन ठिकाणी ठेवा. एकाच ठिकाणी ठेवलं तर दांडगी कोंबडी बाकीच्यांना फिरकू देत नाही. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. दुपारी पोट भरलं की पचनाची उष्णता अंगातच वाढते.

दुपारी बारा ते पाच उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या जाळीवर गोणपाट सोडून ओलं करा. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या गोणपाटातून आलेला वारा खरंच गार लागतो. हीच युक्ती जुलैत करू नका. तेव्हा हवाच दमट असते, भुसा ओला होतो आणि ओल्या भुशातून रक्ती हगवण येते. एखादी फारच धापा टाकत असेल तर तिला उचलून पाय गार पाण्यात बुडवा, तुरा ओला करा. अंगावर बादली ओतू नका.

पहिली अंडी लिंबाएवढी येतील, एखादं कवचाशिवाय नुसतं पापुद्र्याचं, एखाद्यात दोन बलक. दोन-तीन आठवड्यांत माप जमतं. तोवर खणातलं भुस्कट रोज हातानं चाचपून पाहा. पापुद्र्याचं अंडं त्यात फुटलेलं असेल तर तो सगळा थर काढून टाका, मुंग्या लागायच्या आत.